अकरा नंबरची टोपली

"भाटकर, अकरा नंबरवर पाणी कोण घालतंय?"

पानसेबाईंनी हे विचारलं तेव्हा मी कुंपणाची फाटलेली जाळी सुंभानं शिवत बसलो होतो. मी मान वर केली नाही.

"पाणी? समोर एवढा समुद्र पसरलाय, त्यावर आणखी पाणी घालायला कोणाला वेड लागलंय?"

"मग हे बघा." त्यांनी वही माझ्या नाकासमोर धरली. "फुटायची राहिलेली बाकीची सहा घरटी एकतीस-बत्तीस अंशांवर आहेत. अकरा नंबर एकोणतीसवर. वाळू तीच, ऊन तेच. असं कसं?"

"तापमापकाची तार बिघडली असेल तुमची."

"तार दोनदा बदलून पाहिली."

मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. ती नजर मी लगेच ओळखली, कारण तशा नजरेनं दुसऱ्याकडे बघण्यात माझं आयुष्य गेलं होतं. माझ्याकडे मात्र तोवर कोणी तसं बघितलं नव्हतं. मला असा राग आला, की सुंभ मी दातानं तोडला.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. आमचं माडवेळ म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यात बसलेलं पन्नास घरांचं गाव. थंडी पडली की किनाऱ्यावर कासवाच्या माद्या येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि मागं वळूनही न बघता निघून जातात. माझ्या लहानपणी ती अंडी टोपल्या भरभरून बाजारात जात. पुढं एक निसर्गप्रेमी संस्था आली, वनखात्याची माणसं आली, आणि अंडी खाणारं गाव अंडी राखायला लागलं. सापडलेली अंडी उचलून आणायची, कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, शेजारी नंबराची पाटी रोवायची. दिवस भरत आले की वर वेताची टोपली पालथी घालायची, म्हणजे पिल्लं वर आली तरी कावळ्यांच्या तावडीत सापडत नाहीत. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची, आणि पिल्लं आली असली की पाण्याजवळ नेऊन सोडायची. एवढंच काम.

या कुंपणाचा मुख्य राखणदार मी, हरेश्वर भाटकर. मला नेमलं त्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी कोणावर विश्वास ठेवत नसे. वाळूत बोटभर खळगा दिसला, तर कोल्ह्याच्या आधी मी माणसाचं नाव घेत असे.

माझ्या हाताखाली भिकातात्या आंबेरकर होते. पासष्टीचे, सडसडीत, हातात कायम एक घासून गुळगुळीत झालेली काठी. ती काठी वाळूत हलकेच खुपसून अंडी कुठं आहेत ते तात्या बरोबर सांगत. ही विद्या त्यांनी अंडी राखण्यासाठी मिळवलेली नव्हती. एके काळी साऱ्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका पटाईत अंडीचोर नव्हता. संस्थेच्या साहेबांचं म्हणणं, ज्याला चोरता येतं त्यालाच राखता येतं. माझं म्हणणं, मांजराला दुधाची राखण कोणी दिलीय का कधी?

आणि तिसऱ्या या पानसेबाई. वृंदा पानसे, पुण्याच्या, सत्ताविशीच्या. महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी आल्या आणि आमच्याच पडवीत उतरल्या. पहिल्या रात्री जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, "कशासाठी आलात नेमक्या?"

"पिल्लांत नर किती आणि माद्या किती, ते शोधायला."

"त्यात काय शोधायचं? उलटं करून बघायचं. रेडकू बघतो तसं."

त्या हसल्या. "कासवाच्या पिल्लाचं बाहेरून काहीच कळत नाही हो. आणि गंमत म्हणजे, अंडं घातलं जातं तेव्हा आत नरही नसतो आणि मादीही नसते. ते नंतर वाळू ठरवते. वाळू तापलेली असेल तर माद्या, गार असेल तर नर. दिवससुद्धा वाळूच ठरवते. तापलेल्या वाळूत पन्नास दिवसांत बाहेर येतात, गार वाळूत साठ लागतात. म्हणून तर प्रत्येक घरट्यात तापमापकाची तार सोडणार आहे मी."

सुगंधा, म्हणजे माझी बायको, भात वाढायला आली होती. ती वाढता वाढता थांबली. "पण मग शेवटी कळणार कसं, वृंदाताई?"

"घरट्यात काही पिल्लं आपोआप मरतात. ती नेण्याची परवानगी आहे माझ्याकडे. पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं."

"म्हंजे मेल्याबिगर कळतच नाय?"

"नाही हो, वहिनी."

"बरं हाय त्यांचं," सुगंधा म्हणाली आणि भाताचं भांडं घेऊन आत गेली.

ते बोलणं मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. या बाईला मेलेली पिल्लं हवीत. ज्याला मेलेली हवीत त्याच्या हाती जिवंत कशी द्यायची?

त्याच आठवड्यात सुगंधानं मला दिवस राहिल्याचं सांगितलं. घरात दोन मुली होत्या, नीलम आणि दर्शना. आता काय करायचं ते माझं ठरलेलं होतं. तालुक्याच्या गावी एक डॉक्टर होता. दवाखान्यात शिरताना 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' अशी मोठी पाटी लागायची, आणि पाटीच्या मागच्या खोलीत ती केली जायची. मुलगी निघाली तर पुढचंही तिथंच उरकायचं. आईचा फार आग्रह होता, असं मी पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

कंपाउंडरनं निरोप दिला होता. चौथा महिना लागला की या, पण रामनवमीच्या आत या. त्यानंतर डॉक्टर महिनाभर गावाला जाणार, आणि महिन्यानं आलात तर फार उशीर झालेला असेल, मग आम्ही हात लावत नाही.

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ," मी सुगंधाला सांगितलं.

"पाडव्याचंच काय अडलंय?"

"अकरा नंबर पाडव्याला फुटेल. हंगामातलं शेवटचं घरटं ते. ते फुटलं की मी मोकळा."

होडीनं खाडी ओलांडायची, पुढं एसटी, असा सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला परत यायचा. कुंपण दिवसभर सोडून जायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर.

"तात्या हायत की राखायला," ती म्हणाली.

"तात्यांवर टाकून जाऊ? शुद्धीवर आहेस ना?"

"मग वृंदाताई हायत."

"तिला तर मेलेलीच हवीत."

ती थोडा वेळ बोटांनी पदराचं टोक गुंडाळत राहिली. "म्हंजे अकरा नंबर फुटल्याबिगर तुमी गावाभायेर पाय टाकणार नाय."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. मला वाटलं, शहाणी आहे, समजून घेते.

पानसेबाईंनी पाण्याचं विचारलं ते यानंतर दहा-बारा दिवसांनी, ऐन शिमग्यात. त्यांच्या तोंडावर उडवून लावलं खरं, पण माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी कुंपणाभोवती फेरी मारली. अकरा नंबर रांगेत शेवटी, जाळीला अगदी लागून. तिथं जाळीच्या बाहेरच्या अंगाला वाळूवर बारीक बारीक रेघा होत्या. माडाची झावळी फिरवून पावलं पुसली की उठतात तशा. भल्या माणसाला पावलं पुसायची गरज काय?

मी त्या रेघांचं कोणाला सांगितलं नाही. आपण एवढंच करायचं, सगळ्यांवर डोळा ठेवायचा. तात्या पाणी प्यायला उठले की मी उठायचो. पानसेबाई वाकून तार बघायला लागल्या की मी त्यांच्या खांद्यावरून बघायचो. दुपारी जेवून तासभर आडवं व्हायची माझी सवय होती, तेवढी मात्र मोडवेना. रात्रभर जागरण, दुपारी डोळा लागायचाच. आणि घरी सुगंधा होतीच की जागी.

एकेक करून बाकीची घरटी फुटली. वेळेवर फुटली, बाईंच्या वहीतल्या तारखेच्या एक-दोन दिवस अलीकडे-पलीकडे. पिल्लं टोपलीखाली खुरपत वर यायची, आम्ही ती पाण्याच्या रेघेजवळ सोडायचो, आणि ती तुरुतुरु समुद्रात जायची. कितीदाही बघितलं तरी शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत मी तिथून हलायचो नाही. हे लिहायला मला लाज वाटत नाही. कासवाच्या पिल्लासाठी माझा जीव तीळतीळ तुटायचा, ही माझ्याबद्दलची खरी गोष्ट आहे.

पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, उतरल्या. अकरा नंबरच्या टोपलीखाली वाळू जशीच्या तशी. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. रामनवमीला पाच दिवस उरले आणि मी अजून गावातच. रात्री मी बोटांवर दिवस मोजायचो. शेजारी सुगंधा पाठ करून निजलेली असायची.

चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. तात्या सुरूच्या सावलीत काठी आडवी ठेवून बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तात्या, अकरा नंबरात अंडी आहेत ना?"

"तुझ्याच हातानं पुरलीस. सत्त्याण्णव."

"पुरली तेव्हा होती. आता आहेत का ते विचारतो."

तात्यांना समजायला क्षणभर लागलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तो चेहरा मी विसरलेलो नाही.

"हरू, पंधरा वर्सं झाली, मी अंडं तोंडात घेतलं नाय. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, तू तिथं होतास."

"मग जाळीशेजारी झावळी कोण फिरवतं?"

"आरे मेल्या, मला चोरी करायची असती तर मी रेघा ठेवल्या असत्या मागं? तुझा बाप आणि मी जोडीनं अंडी नेली ह्या वाळूतनं. कावळ्याला कळलं नाय कधी!" ते उठले. काठी त्यांनी माझ्या पायाशी टाकली. "ही घे. तुझं कुंपण, तूच राख."

आणि ते गेले. पाठमोरे बघून वाईट वाटलं, असं आज म्हणतो. त्या वेळी मनात आलं ते हे, की चोराच्या मनात चांदणं, म्हणून एवढं झोंबलं. बरं झालं, एकावर नजर ठेवायचं काम कमी झालं.

आता राहिल्या पानसेबाई. त्यांच्यात एक बदल मला दिसत होता. शिमग्यात पाण्याबद्दल विचारणारी बाई आता विचारेनाशी झाली होती. अकरा नंबरचा आकडा घ्यायच्या, वहीत लिहायच्या, गप्प. चार दिवस खोदून खोदून विचारणारा माणूस एकदम गप्प होतो, तेव्हा त्याला उत्तर मिळालेलं असतं किंवा तोच त्यात सामील असतो. त्यातून एकदा संध्याकाळी मी घरी आलो, तर मागल्या दारी पायरीवर सुगंधा आणि बाई हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मला बघून दोघीही थांबल्या. बाईंचे डोळे लाल दिसले.

"काय झालं?"

"कांदा चिरला," सुगंधा म्हणाली. जवळपास कांदा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सरळच विचारलं. "उकरून बघू का अकरा नंबर?"

"अजिबात नको. जिवंत आहेत ती. थोडा वेळ लागेल, एवढंच."

"किती?"

त्यांनी वही मिटली. "रामनवमी होऊन जाईल."

मी तिथंच थबकलो. ही बाई सगळ्या तारखा इंग्रजी महिन्यांनी लिहायची. एकादशी कधी आहे ते तिला माहीत नसायचं. हिच्या तोंडी रामनवमी आली कुठून? तालुक्याच्या दवाखान्याचं फक्त मला आणि सुगंधाला ठाऊक. मी ताडकन ठरवून टाकलं. हीच पाणी घालते. गार करून करून पिल्लं आतच मारणार आणि बाटल्यांत भरून पुण्याला नेणार. पाण्याचं आधी स्वतःच विचारलं, म्हणजे आपल्यावर संशय नको. चोराच्या उलट्या बोंबा! रामनवमी तिच्या तोंडी कशी आली, हा प्रश्न मात्र मी तिथंच सोडून दिला. संशयी माणूसही आपल्याला सोयीचा असेल तेवढाच संशय घेतो.

तिला रंगेहाथ पकडायचं, तर रामनवमीसारखा दिवस नाही. दुपारी बाराला रामजन्म. सगळं गाव देवळात, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. मी आंघोळ केली, धोतर नेसलो.

"येतेस ना देवळात?"

"ऊन लई हाय," सुगंधा म्हणाली. "तुमी पोरींना घेऊन जावा."

पोरींना मी देवळात बायकांमध्ये बसवलं आणि मागच्या वाटेनं किनाऱ्यावर आलो. कुंपणापासून वीस पावलांवर एक होडी दुरुस्तीसाठी पालथी घातलेली होती. तिच्या आडोशाला बसलो. वाळू इतकी तापलेली, की बूड टेकवेना. देवळातून कीर्तनकारांचा आवाज वाऱ्याबरोबर तुटक येत होता. मग एकदम घंटा वाजल्या, गजर झाला, राम जन्मला. बायकांनी पाळणा धरला.

तेव्हा सुरूच्या झाडांतून एक बाई आली. कमरेवर कळशी होती, हातात झावळी. चाल जरा जड, चौथ्या महिन्याची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं होतं!

सुगंधा जाळीशी बसली. कळशी तिनं बाजूला ठेवली, ओंजळीनं पाणी घेऊन जाळीतून आतल्या वाळूवर सोडायला लागली. घाई नव्हती. चार ओंजळी झाल्या की जाळीतून बोटं घालून वाळू चाचपायची, परत चार ओंजळी. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना पाण्याला हात लावून बघतात तशी. अर्धी कळशी झाल्यावर ती थांबली. मी उठून पुढं गेलो.

"सुगंधा!"

ती दचकली नाही. जेवायला उशिरा आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. "आलात?"

"तू? रोज तूच?"

"रोज. तुमचा डोळा लागला की."

मला हसू आलं. खरंच आलं. चोर नव्हता, घरचीच होती, त्याचा सुटकेचा श्वास असेल. "अगं वेडे, मुलगे व्हावेत म्हणून? गार वाळूत कासवाला मुलगे झाले, म्हणून आपल्याला होणार आहे का?"

"मुलगे कोणाला हवेत?" ती म्हणाली. "मला उशीर हवा होता."

मी अकरा नंबरच्या टोपलीकडं बघितलं.

"गार वाळूत दिवस जास्ती लागतात. वृंदाताई पैल्याच रात्री बोललेल्या. तुमी तिथंच जेवत होता. तुमचं ध्यान मेलेल्या पिल्लांत." ती पदरानं हात पुसत होती. "अकरा नंबर फुटल्याबिगर तुमी हलणार नाय. तात्यांवर टाकणार नाय, ताईंवर टाकणार नाय. तुमी कोणावर ईश्वास ठेवत नाय, त्याच्यावर मी ईश्वास ठेवला. आज रामनवमी. उद्यापासनं डॉक्टर नाय."

"बाईंना ठाऊक आहे हे?"

"आकड्यांवरनं त्यांनी मला पकडलं. मग सांगितलं सगळं. त्या रडल्या. मी नाय रडले."

"मला सांगायचं होतंस. बोलायचं होतंस माझ्याशी."

"बोलले होते की," सुगंधा म्हणाली. "गेल्या वर्साला."

हे मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. त्या दवाखान्याची पाटी, मागची खोली, कंपाउंडर, हे मला ठाऊक होतं, कारण आदल्या वर्षी आम्ही तिथं एकदा जाऊन आलो होतो.

"पाया पडले होते तुमच्या," ती म्हणाली. "तुमी बोललात, आता निघालोच हावो तर उरकून टाकू. परत येताना होडीत मी तुमच्यासमोर बसलेले. पोटात कळा येत होत्या. तुमी नावाड्याला काय सांगत होता, आठवतं? पाच नंबरातलं एक पिल्लू पांगळं निघालं, ते तुमी हातात धरून पाण्यात नेलंत, लाटेवर ठेवलंत, ते पवत गेलं. सांगताना डोळे भरून आले तुमचे. नावाडीपण रडला." तिनं कळशी बाजूला सरकवली. "माझ्याकडं कोणी बघितलं नाय."

देवळात पाळणा चालूच होता. जो बाळा जो जो. मी तिथंच त्या भाजणाऱ्या वाळूत बसलो आणि मला रडू फुटलं, हे मी लपवत नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा असं मी काही केलंही नव्हतं.

बऱ्याच वेळानं मी कळशी पुढं ओढली. आत अर्धी उरली होती. मी ओंजळ बुडवली.

"लई नको," ती म्हणाली. "भिजून कुजतात. चारच ओंजळी, आणि अंडी पुरलीत तिथं नाय, बाजूनं."

मी चार ओंजळी घातल्या, बाजूनं. मग झावळी उचलून तिच्या हातात दिली. "राहू दे. पावलं पुसू नको," मी म्हणालो.

संध्याकाळी पानसेबाई वही घेऊन आकडा घ्यायला आल्या. मी त्यांच्याजवळ गेलो. "बाई, तुम्ही मागं विचारलं होतंत. अकरा नंबरवर पाणी मी घालतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिमग्यात बघितलं होतं तसंच, बराच वेळ. मग पेनाचं टोपण काढलं. "बरं," त्या म्हणाल्या. "तसं लिहिते."

चौथ्या दिवशी सकाळी टोपली हलली. त्र्याऐंशी पिल्लं जिवंत निघाली, सहा मेलेली सापडली, बाकीची अंडी फुटलीच नाहीत. बाईंनी ती सहा बाटल्यांत घातली आणि त्याच दुपारच्या होडीनं गेल्या.

तात्यांकडं मी काठी घेऊन गेलो. ओसरीवर बसले होते. "चोर गावला काय?" त्यांनी विचारलं. "गावला," मी म्हणालो. कोण, ते त्यांनी विचारलं नाही. मला पाणी दिलं, चहा दिला नाही. काठी राहू दे तुझ्याकडंच, म्हणाले, आता नीट दिसत नाही. कुंपणावर ते पुन्हा आले नाहीत. मी वर्षभर विनवण्या केल्या, त्या वाया गेल्या.

भाद्रपदात, गौरी-गणपती जाऊन आठ दिवस झाले आणि आम्हाला मुलगी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमननं पुण्याचं पत्र आणून दिलं. सुगंधा पडवीच्या उंबऱ्याशी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी पत्र मोठ्यानं वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, की आमच्या किनाऱ्यावरची त्या हंगामातली त्यांनी तपासलेली सगळी पिल्लं माद्या निघाली. सगळी, एक अकरा नंबर सोडून. त्यातली सहाच्या सहा नर होती. तेव्हा तुमच्या कुंपणातून समुद्रात गेलेले नर बहुधा तेवढेच, त्या एका टोपलीतले. शेवटी मुलीचं नाव काय ठेवलंत, असं विचारलं होतं.

सुगंधा हसली. दीड वर्षात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "घ्या! झाले की तुमचे मुलगे. त्र्याऐंशी."

"सगळे समुद्रात गेले," मी म्हणालो. मलाही हसू आलं.

"त्र्याऐंशी मुलगे," ती परत म्हणाली, आणि तिचं हसू हळूहळू विझलं. "आणि एक मुलगी."

मांडीवरच्या मुलीबद्दल ती बोलत नव्हती. ती खाडीकडं बघत होती, तालुक्याची होडी जाते तिकडं.